भगताच्या नावावर खपवलेली चूक

चूक माझी होती. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण मी स्वतःला ओळखतो — पुढे ढकललं तर मी ते पुन्हा कुठेतरी दडवून ठेवीन. माझ्या हातून एका मुलीच्या दोन्ही किडन्या गेल्या, आणि त्याचा दोष मी तिच्या आईच्या माथी मारला. डॉक्टरांच्या हातून चुका होतात, मान्य. पण दुसऱ्याच्या माथी मारणं याला चूक म्हणत नाहीत. ते मी पूर्ण शुद्धीवर असताना केलं, आणि इंग्रजीतून केलं. इंग्रजीतून का — ते पुढे येईलच.

कित्येक वर्षं मी हे कोणाशी बोललो नाही. बायकोशी नाही, कॉलेजपासूनच्या मित्रांशी नाही. मग आताच का, असं तुम्ही विचाराल. मन हलकं करायला? नाही हो. माझं मन हलकं व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. मला राग आला आहे, आणि तो उतरायच्या आत मला हे लिहायचं आहे. राग उतरला की मी पुन्हा समंजस होईन, आणि समंजस झालो की सारवासारव सुरू करीन. त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

मी नाशिकमध्ये फिजिशियन आहे. गंगापूर रोडच्या एका खाजगी रुग्णालयात रोज, आणि आठवड्यातून एकदा हरसूलला, एका धर्मादाय संस्थेच्या दवाखान्यात. हरसूलचा दिवस ठरलेला — बाजाराचा. पाड्यापाड्यांवरची माणसं त्या दिवशी खाली येतातच. नागली, वरई विकायची, तेल-मीठ घ्यायचं, आणि घरात कोणी आजारी असेल तर त्यालाही दाखवून न्यायचं. ताप असो की दम, तिथे आजारसुद्धा बाजाराच्या दिवसापर्यंत थांबवून ठेवतात. मला तिथे ‘बाजारचा डॉक्टर’ म्हणत. मला ते फार आवडायचं. नाशिकच्या लग्नकार्यांत मी ते मुद्दाम सांगायचो. समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर दिसेपर्यंत सांगत राहायचो.

त्या ओपीडीत एका बाजाराला मंजुळाबाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचं नाव रेखा. (दोन्ही नावं बदललेली आहेत. माझ्या वागण्यात काही बदललेलं नाही.) रेखा तेव्हा हरसूलच्या कॉलेजात शिकत होती, शिक्षिका व्हायचं म्हणत होती. तिचं नाक सारखं चोंदायचं, आत खपल्या धरायच्या, शिंकरलं की रक्त यायचं. मी सर्दीची औषधं दिली. पुढच्या खेपेला ताप, खोकला, उतरलेलं वजन. एक्स-रेमध्ये फुफ्फुसावर डाग दिसला. आता, आमच्याकडे तरुण मुलगी, ताप, खोकला, डाग — डॉक्टरच्या तोंडात एकच शब्द येतो. टीबी. थुंकीत जंतू सापडले नाहीत. ‘कधीकधी नाही सापडत,’ असं मी म्हणालो आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. इथवर तुम्ही मला माफही कराल. देशभर असं होतं. पुढचं ऐका.

टीबीच्या गोळ्यांमधल्या एका औषधाने लघवी नारंगी-लाल होते. हे आम्ही प्रत्येक रुग्णाला आधीच सांगतो, नाहीतर लोक घाबरून गोळ्या बंद करतात. रेखालाही सांगितलं होतं. काही बाजारांनंतर ती म्हणाली, ‘‘सर, रंग बदललाय. आधी नारंगी होती, आता काळ्या चहासारखी होते. फेस पण येतो.’’ मी मान वर न करता म्हणालो, ‘‘गोळ्यांचं आहे ते. घाबरायचं नाही.’’ त्याच्या पुढच्या बाजाराला तिचे पाय सुजलेले होते, डोळे लाल होते, सांधे दुखत होते. मंजुळाबाई म्हणाल्या, ‘‘डाक्टर, हिला लय तरास होतोय. गोळ्या लागू पडत नाय.’’ आणि मी — त्या रांगेतल्या सगळ्या बायाबापड्यांसमोर — रेखाला झापलं. ‘‘गोळ्या नीट घेत नसशील. तुम्ही लोक अर्ध्यावर सोडता आणि मग डॉक्टरच्या नावाने ओरडता.’’

तुम्ही लोक. हे शब्द माझेच. ती एकही गोळी चुकवत नव्हती.

माझ्या पाठीमागच्या कपाटात लघवी तपासायच्या पट्ट्या होत्या. पट्टी बुडवायची, जरा थांबायचं, रंग बघायचा. रक्त असेल तर कळतं, प्रथिन असेल तर कळतं. संस्थेची नर्स ती पट्टी गरोदर बायकांसाठी दिवसभर वापरायची. मला फक्त ‘ताई, हिची लघवी बघा’ एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. का म्हणालो नाही? रांग मोठी होती, हे उत्तर मी अनेक वर्षं स्वतःला दिलं. खोटं आहे ते. रांग दर बाजाराला मोठीच असते. मी म्हणालो नाही, कारण मला माहीत होतं. मला सगळं माहीत असतं, असं मला वाटत होतं.

रेखाला टीबी नव्हताच. तिला व्हॅस्क्युलायटिस होता — शरीराची संरक्षण यंत्रणा उलटून स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर तुटून पडते, त्या सुजतात, फुटतात. नाक, फुफ्फुसं, किडन्या, जिथे जिथे बारीक रक्तवाहिन्या तिथे तिथे आग. आजार दुर्मिळ आहे. पण वेळेत ओळखला तर त्याला औषधं आहेत. वेळेत — हा शब्द लक्षात ठेवा.

एका पहाटे तिला धाप लागली आणि खोकल्यातून रक्त पडायला लागलं. मंजुळाबाईंनी जीप करून तिला नाशिकला आणलं, ती थेट माझ्याच रुग्णालयात, कारण ‘आपले डाक्टर’ तिथे होते. अतिदक्षता विभाग, डायलिसिस, किडनीचा तुकडा काढून तपासणी. आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी दोन दिवसांत आजार ओळखला. मग ते बाहेर आले आणि मला इंग्रजीत विचारलं, हिला एवढा उशीर कसा झाला? टीबीच्या गोळ्या कोणी चालू केल्या?

मंजुळाबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. हातात गोळ्यांची प्लॅस्टिकची पिशवी. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी मला रडत सांगितलं होतं की, पोरगी बरी होईना म्हणून एका संध्याकाळी त्या तिला पाड्यावरच्या भगताकडे घेऊन गेल्या होत्या. भगताने धागा बांधला, अंगारा लावला. बस. त्याने ना काही सुधारलं, ना काही बिघडलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि त्या नेहमीसारख्या माझ्या रांगेत होत्या.

मी ती एक संध्याकाळ पकडली. किडनीच्या डॉक्टरांना मी इंग्रजीत म्हणालो की, टीबीचा संशय तेव्हा रास्त होता, पण मधेच घरचे तिला मांत्रिकाकडे घेऊन गेले, उपचार सोडले, आणि बरेच आठवडे वाया घालवून आता आणलं आहे. त्यांनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही. मंजुळाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी त्यांच्या मुलीसाठी काही चांगलं बोलतो आहे अशा आशेने. ‘‘काय म्हणले मोठे डाक्टर?’’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘‘प्रयत्न चालू आहेत.’’

सांगा मला — या बाईच्या पुढ्यात उभं राहून, तिला न कळणाऱ्या भाषेत, तिच्यावर आळ घेणाऱ्या माणसाला तुमच्याकडे काय म्हणतात?

रेखा वाचली. किडन्या वाचल्या नाहीत. नाकाचं हाड आतून झिजून नाक मधोमध खचलं, एका कानाने ऐकू येईनासं झालं. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणार म्हटल्यावर ती नाशिकलाच राहिली, सातपूरला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन. शुद्धीवर आल्यावर तिने मला एकदाच विचारलं, ‘‘सर, मी लघवीचं सांगितलं होतं ना तुम्हाला?’’

ती वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, ‘‘तेव्हाचा रंग गोळ्यांचाच होता, रेखा. खरं रक्त नंतर सुरू झालं, भगताच्या नादात तुमचे दिवस गेले तेव्हा. आई अडाणी आहे, तिच्यावर रागावू नकोस.’’

रागावू नकोस! किती छान सांगितलं बघा मी. वाक्याच्या पहिल्या भागात सुरी खुपसली आणि शेवटच्या शब्दांत मलम लावला. अर्थात ती रागावली. ज्या माणसाने जीव वाचवला असं तिला वाटत होतं, त्यानेच कारण सांगितलं होतं. त्यात आजारपणातल्या दिवसांचा तिला नीट हिशोब नव्हता. तिने आईला विचारलं, ‘‘नेलं होतंस ना मला भगताकडं?’’ मंजुळाबाई खोटं बोलणाऱ्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘नेली होती.’’ संपलं. ‘मला तोंड दाखवू नकोस,’ असं रेखाने आईला सांगितलं. त्यानंतर मायलेकी बोलल्या नाहीत. दिवाळीलाही नाही, धाकट्या भावाच्या लग्नातही नाही.

हे सगळं एवढ्यावरच थांबलं असतं, तर कदाचित मी तेही पचवलं असतं. पण मग नेटवर्क आलं.

दुर्मिळ आजारांची अडचण अशी असते की, एका डॉक्टरच्या वाट्याला आयुष्यात असे चार-दोन रुग्ण येतात. त्यावरून तो शिकणार काय? म्हणून देशभरातल्या रुग्णालयांनी व्हॅस्क्युलायटिससाठी एक संशोधन जाळं उभं केलं. प्रत्येक केंद्राने आपल्या रुग्णांची माहिती एकत्र ठेवायची, रक्ताचे नमुने जपायचे, महिन्याला एकदा व्हिडिओवर जमून अवघड रुग्णांची चर्चा करायची. काम चांगलं आहे. आजही चांगलं आहे. नाशिकचं केंद्र सुरू झालं आणि त्याचा प्रमुख कोण? मी. का, तर रेखाचा अनुभव माझ्या गाठीशी होता.

जाळ्याने हाती घेतलेल्या पहिल्या प्रश्नांपैकी एक होता : या आजाराचं निदान आपल्या देशात उशिरा का होतं? प्रत्येकाने आपले रुग्ण मांडायचे होते. मी रेखाला मांडलं. तिचा एक्स-रे, खचलेल्या नाकाचा फोटो, किडनीच्या तपासणीचं चित्र. उशिराचं कारण — भगत. वजन असतं अशा गोष्टीला. डोंगर, पाडा, अंधश्रद्धा, एक हुशार मुलगी, आणि शेवटी शहरातले डॉक्टर. पुण्याचा एकजण मराठीतच म्हणाला, ‘‘नाशिकवाले, तुमच्याकडे द्राक्षं जोरात आणि भगतही जोरात!’’ सगळे हसले. मीही हसलो. माझं हसू सगळ्यात मोठं होतं, ते मला पडद्यावर दिसत होतं.

कोणीच विचारलं नाही की, टीबीची औषधं देणारा डॉक्टर दर बाजाराला काय बघत होता. आदिवासी बाई भगताकडे गेली म्हणजे उशीर तिनेच केला — हे शिकल्यासवरल्या माणसांना इतकं पटकन पटतं! मला पुरावा द्यावा लागला नाही. मला याचाही राग येतो. पण तो राग मी पुढे करणार नाही, कारण त्यांना पटेल असं खोटं मी निवडलं होतं. मला माहीत होतं काय खपतं ते.

आणि रुग्ण थोडे असले की एक खोटं किती मोठं होतं, याची कल्पना तुम्हाला नसेल. हजारो रुग्णांत माझी लबाडी बुडून गेली असती. इथे तीच उशिराचं मोठं कारण ठरली. जाळ्याने जनजागृतीसाठी छोटी फिल्म केली. तिच्यात डोकं हलवणारा भगत, हातात कोंबडी घेतलेली आई, आणि ‘उशीर करू नका’. ती फिल्म हरसूलच्या सरकारी दवाखान्यात टीव्हीवर लागायची. मंजुळाबाईंनी ती पाहिली असेल का? मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

पुढे त्याच मासिक बैठकांत दुसरंच काही दिसू लागलं. एका केंद्राचा रुग्ण महिनोन् महिने टीबीच्या गोळ्यांवर होता. दुसऱ्याचाही. तिसऱ्याचाही. एके दिवशी एक वयस्कर बाई, दक्षिणेतल्या मोठ्या डॉक्टर, आम्ही ज्यांच्याकडून शिकतो अशा, शांतपणे म्हणाल्या : हा रुग्ण माझा होता, चूक माझी होती, मी लघवी तपासली नाही. कोणी त्यांना फासावर दिलं नाही. उलट दोघा-तिघांनी लगेच आपापल्या चुका सांगितल्या. बोलायला जागा होती, वेळ होती, कान होते. मी माझा माईक बंद केला. आधीच बंद होता, तरी पुन्हा बघून खात्री केली.

म्हणून सांगतो, भीतीपोटी गप्प बसलो असं माझ्या वतीने कोणी म्हणू नये.

मग नाशिकला रुग्णांचा मेळावा भरला. बाहेरगावचे डॉक्टर आले, रुग्ण आले, त्यांच्या घरची माणसं आली. रेखाला बोलायला मीच सुचवलं होतं. ती चांगली बोलते. खचलेल्या नाकावरून पदर न घेता ती माईकपुढे उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘माझ्या आईने मला डॉक्टरांऐवजी भगताकडे नेलं नसतं, तर आज माझ्या किडन्या माझ्याकडे असत्या. तुमच्या घरी अशी आई असेल तर तिचं ऐकू नका.’’ सभागृह उभं राहिलं. टाळ्या. मी पहिल्या रांगेत होतो. मी टाळ्या वाजवल्या.

हात थांबवता आले असते ना? नुसते हात. कोणाला कळलंही नसतं.

नाही थांबवले.

हे सगळं तुम्ही वाचताय आणि वाट बघताय की, या माणसाला जाग कधी आली. मला जाग वगैरे आली नाही. मला थप्पड बसली.

गेल्या थंडीत, हरसूलच्या बाजारच्या ओपीडीत, मंजुळाबाई रांगेत दिसल्या. बरोबर सून, सुनेला साधा ताप. दोघी चालत आल्या होत्या, पाड्यावरून, पहाटे निघून. मी तपासलं, काही विशेष नव्हतं. मी म्हणालो, ‘‘एवढ्यासाठी एवढं चालत आलात? गावातल्या आरोग्यसेविकेला दाखवायचं.’’ मंजुळाबाई म्हणाल्या, ‘‘नाय डाक्टर. मागल्या टायमाला मी चूक केली. आता घरात कोनाला शिंक जरी आली तरी सरळ तुमच्याकडंच आनते. भगताचं त् नाव नाय काढत.’’ आणि सुनेला म्हणाल्या, ‘‘या डाक्टरचं ऐकायचं. मी नाय ऐकलं, माझी पोर गेली.’’

‘‘रेखा आहे की,’’ मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून.

‘‘असंल. माझ्यासाठी गेली.’’

मी सुनेच्या गोळ्या लिहून दिल्या. लिहिताना माझं अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, हे मला आठवतं आणि त्याचा मला आजही संताप येतो. ती बाई माझं खोटं माझ्याच पुढ्यात आणून ठेवत होती, त्याला हात जोडत होती, आणि पुढच्या पिढीला शिकवत होती. त्या दिवशी मी परत येताना घाटात गाडी कडेला घेतली. रडलो वगैरे नाही. स्टिअरिंगवर मूठ आपटत राहिलो. एका गुराख्याने काच ठोठावून विचारलं, ‘‘सायेब, गाडी बंद पडली का?’’

रेखाला मी डायलिसिस चालू असताना सांगितलं. सगळं — पट्ट्या, चहासारखा रंग, इंग्रजी, फिल्म. ती ऐकत होती. मशीन फिरत होतं. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘सर, आत्ता माझ्या हातात सुया आहेत. मला उठून जाता येत नाही. म्हणून इथे सांगितलंत का?’’

उत्तर हो होतं. मी ठरवून केलं नव्हतं, पण माझ्यातला जो कोणी आहे त्याने जागा बरोबर शोधली होती.

‘‘स्टेजवर मी तिला काय काय बोलले,’’ ती म्हणाली. ‘‘लोक उभे राहिले होते. तुम्ही पण.’’ मग छताकडे बघत, ‘‘आईला सांगितलंत?’’

‘‘नाही.’’

‘‘येत्या बाजाराला सांगा. मी येते. आणि आता तुम्ही जा इथून.’’

मधल्या दिवसांत मी जाळ्याच्या बैठकीत बोललो. तिथे बोलणं सोपं होतं, त्याची शेखी मी मिरवणार नाही. फिल्म काढून घेतली गेली. पुण्याच्या त्या डॉक्टरचा फोन आला, तो म्हणाला, ‘‘अरे, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, सगळ्यांचंच होतं असं.’’ मी त्याच्यावर ओरडलो. माझा राग पहिल्यांदाच बाहेर पडला, आणि तोही चुकीच्या माणसावर.

बाजाराच्या दिवशी या, असा निरोप मी मंजुळाबाईंना नर्सकडून धाडला होता, आणि रेखाला म्हणालो होतो, माझ्या गाडीतून चल. ती एसटीने आली. मी पोचलो तेव्हा मायलेकी दवाखान्याच्या ओट्यावर बसल्या होत्या. जवळ नाही, मधे दोन माणसं बसतील एवढं अंतर. दोघीही समोर बघत होत्या. रांग लागलेली होती. मी म्हणालो, ‘‘आत येऊन बोलू या.’’ रेखा म्हणाली, ‘‘नाही. तुम्ही मला इथेच झापलं होतंत, रांगेसमोर. इथेच बोला.’’

मी मंजुळाबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. रांगेतला एक म्हातारा ओरडला, ‘‘अरे बघा, आज डाक्टरच नंबर लावून उभा हाय!’’ बायका हसल्या. मी बोलायला लागलो. ऐका, मी काय बोललो ते — म्हणालो, ‘‘त्या वेळी जी लक्षणं होती, त्यावरून आमच्या बाजूनेही निदानात काही त्रुटी राहिली, आणि त्यामुळे जो गैरसमज झाला...’’

एवढं सगळं होऊनही. तिथेही. माझ्या तोंडातून ‘त्रुटी’ निघाली, ‘आमच्या बाजूनेही’ निघालं. रेखाने तोंड फिरवलं.

मंजुळाबाईंनी मला मधेच थांबवलं. ‘‘डाक्टर, मला कळंल असं बोला. ही सकाळधरनं नुसती रडते, सांगत काय नाय. तुमी पन असंच बोलून राहिले. काय झालंय काय?’’

मी खाली बसलो, ओट्याच्या पायरीवर, म्हणजे मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागेल. आणि म्हणालो :

‘‘रेखाच्या लघवीतून रक्त जात होतं. ती मला सांगत होती, तुम्हीही सांगत होता. मी तपासलं नाही. तपासलं असतं तर तिच्या किडन्या वाचल्या असत्या. तुम्ही तिला भगताकडे नेलंत, त्याने तिचं काहीच बिघडलं नाही. तुमच्यामुळे उशीर झाला असं मी तिला सांगितलं, मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, सगळ्या देशाला सांगितलं. ते खोटं होतं. बोलतानाच मला माहीत होतं की खोटं आहे. तुमची मुलगी तुमच्याशी इतकी वर्षं बोलली नाही, ती माझ्यामुळे. तुम्ही काही चुकला नाहीत. माझं चुकलं, मंजुळाबाई.’’